स्टँड असलेली एकमेव सायकल

मी सायकलिस्ट नाही, हे मला परवाच्या पावसाळ्यानंतर कळलं. त्याआधी मी रोज वटारहून तुळिंजला सायकलने जात होतो, सायकलनेच परत येत होतो, आणि कोणी काही बोललं नव्हतं.

सांगितलं ते नेल्सनने. नेल्सन म्हणजे 'पश्चिमपट्टा पेडलर्स' ह्या क्लबचा कॅप्टन. सगळे त्याला कॅप्टनच म्हणतात. त्याची बायकोही म्हणते, पण तिच्या तोंडी ते वेगळं लागतं. क्लबची मंडळी दर रविवारी अंगाला चिकटलेले कपडे घालून निर्मळच्या तळ्याला येतात, तिथे फोटो काढतात आणि आलेल्या रस्त्याने घरी जातात. मला वाटलं, मीही सायकल चालवतो, हेही चालवतात, ओळख व्हायला हरकत नाही. एका रविवारी गेलो.

कॅप्टनने माझ्या सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घातली. काळी, डबल दांड्याची, पप्पांनी रिटायर होताना माझ्या ताब्यात दिलेली. पुढे बास्केट, मागे कॅरिअर, दोन मडगार्ड, चेनकव्हर, सीटखाली खोचलेलं फडकं. डायनामो आहे, उजेड देत नाही, पण एवढा किंचाळतो की लोक आपणहून बाजूला होतात. आणि दोन पायांचा डबल स्टँड. त्या स्टँडवर चढवली की ती सायकल राहत नाही, फर्निचर होते. आईने तिच्यावर बसून मिरच्यांचे देठ काढलेत.

"उचल," कॅप्टन म्हणाला.

मी दोन्ही हातांनी उचलली. पाठीतून एक आवाज आला.

कॅप्टनने स्वतःची सायकल एका बोटावर उचलून दाखवली. कार्बनची होती. आमच्या कोंबड्यापेक्षा जराशीच जड असावी, आणि कोंबड्यासारखीच तिलाही स्टँड नव्हता.

"वजन कमी कर," तो म्हणाला. "कॅरिअर काढ, बास्केट काढ, मडगार्ड काढ, स्टँड तर पहिला काढ. वजन गेलं की स्पीड येतो."

"आणि उभी कुठे करू?"

"सायकल उभी करायची वस्तू नाहीये, जॅक्सन." मग खांद्यावर हात ठेवून त्याने हळू आवाजात निदान सांगितलं. "तू सायकलिस्ट नाहीस रे. तू कम्यूटर आहेस. कामावर ये-जा करणारा."

मी तो शब्द घरी नेला. आई म्हणाली, "गोळ्या दिल्यात का काही?"

स्टँड मी काढला नाही, कारण माझ्या सायकलीला प्रवासी आहेत. पहिली प्रवासी माझी मोठी बहीण ज्युलिएट. ती तुळिंजमध्ये एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर बसते, माझं ऑफिस त्याच गल्लीत. ती रोज कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसते आणि मागून मला खड्डे सांगते, ते पण मी त्यात गेल्यावर. पुलाच्या चढावर उतरून चालायला लागते, आणि रोज माझ्याआधी वर पोचते.

दुसरे प्रवासी तिचे केक. ज्युलिएट दिवसा दात बघते आणि संध्याकाळी केक करते. दोन्ही धंदे एकमेकांना पूरक आहेत, असं मी एकदा म्हणालो होतो, तेव्हापासून मला उरलेलं क्रीम मिळणं बंद झालंय. तिचा एक केक आम्ही एकदाच रिक्षाने पाठवला. बाप्तिस्म्याचा होता. पोचेपर्यंत त्याची खीर झाली. लोकांनी वाटीतून खाल्ला, छान झालाय म्हणाले, पण ज्युलिएट दोन दिवस कोणाशी बोलली नाही. त्यानंतर प्रत्येक केक माझ्या कॅरिअरवरून गेला. खाली फळी, फळीवर स्पंज, वर खोका, आणि सगळ्याला जुन्या ट्यूबचे वेढे. ह्या कॅरिअरवरून आजवर एकाही केकची खीर झालेली नाही. मला ह्या गोष्टीचा अभिमान आहे, आणि तो ठेवायला दुसरी कुठली जागा नसल्यामुळे इथेच सांगतोय.

तर नोव्हेंबरात कॅप्टन स्वतः आमच्या घरी आला. क्लबमधल्या फ्रेडरिकचं लग्न होतं, निर्मळलाच, आणि क्लब त्याला केक भेट देणार होता. तीन मजली.

"वर सायकल पाहिजे," त्याने ज्युलिएटला सांगितलं. "खरी वाटली पाहिजे. एकूण एक पार्ट."

"कुठली सायकल?" असं तिने विचारलं नाही. कुठली, ते त्यानेही सांगितलं नाही. जगात सायकल एकाच प्रकारची असते, ह्याबद्दल दोघांचीही खात्री होती.

एवढा मोठा केक ज्युलिएटने कधी केला नव्हता. त्या रात्री जेवताना ती आईला म्हणाली, "हा नीट गेला तर सोमवारी क्लिनिकमध्ये जाऊन सांगते, मी सोडतेय. फक्त केकच करणार."

"आणि नीट नाही गेला तर?"

"तर सोमवारी क्लिनिकमध्ये जाते."

पुढचा आठवडाभर ती संध्याकाळी ओट्याशी बसून साखरेच्या कणकेची सायकल करत होती. मला बघायला बंदी होती. लग्नाच्या आदल्या दिवशी तिने झाकण काढलं.

ती माझी सायकल होती. काळी. डबल दांड्याची. बास्केट, कॅरिअर, चेनकव्हर, घंटी. डायनामोसुद्धा, मिरीच्या दाण्याएवढा. सीटखाली फडकं खोचलेलं. आणि ती डबल स्टँडवर उभी होती, मागचं चाक जमिनीपासून किंचित वर. मी घंटीला बोट लावणार होतो, तिने हातावर चमचा मारला.

मग मला तळ्यावरच्या सायकली आठवल्या.

"ज्युलिएट, ह्या लोकांच्या सायकली अशा नसतात."

"म्हणजे?"

"बास्केट नसते. कॅरिअर नसतं. मडगार्ड नसतं. स्टँड तर नसतोच."

"मग उभ्या कशा राहतात?"

"राहत नाहीत."

"मग?"

"टेकतात."

"कशाला?"

"जे असेल त्याला."

तिने साखरेच्या सायकलीकडे बघितलं. खिडकीबाहेर अंगणात खरी उभी होती, तिच्याकडेही एकदा बघितलं. नवीन करायला वेळ नव्हता. आमच्या घरच्या बोलीत ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिलं तर फादरना वाईट वाटेल. सौम्य मराठीत त्याचा अर्थ असा, की टेकून उभी राहणारी वस्तू मी माझ्या केकवर ठेवणार नाही.

रविवारी सकाळी ज्युलिएट साखरेच्या सायकलीचा डबा मांडीवर घेऊन रिक्षाने पुढे गेली. माणसाच्या मांडीला शॉकॲब्सॉर्बर असतात. केक घेऊन मी मागून निघालो, अशा वेगाने की एक म्हातारी शेजारून चालत बोलत होती आणि नंतर कंटाळून पुढे निघून गेली.

वाटेत मागून "लेफ्ट! लेफ्ट!" असा ओरडा झाला आणि आख्खा क्लब रंगीत पाखरांच्या थव्यासारखा भर्रकन बाजूने गेला. लग्नालासुद्धा त्याच कपड्यांत. शेवटच्याने वळून अंगठा दाखवला. "कीप गोइंग, अंकल!"

मी सव्वीस वर्षांचा आहे.

पुढे तळ्याशी ते फोटोला थांबलेले दिसले. मी फ्रेडरिकच्या घरी पोचलो तेव्हा वऱ्हाड लग्नाच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, चर्चमध्ये गेलं होतं. अंगणात मांडव. मांडववाला शत्रुघ्न हातात बांबू घेऊन एका जागी उभा होता. त्याने प्रत्येक खांबाला शेवंती आणि सोनचाफा गुंडाळला होता आणि आता त्या फुलांचा तो बॉडीगार्ड होता.

"खांबाला कोनी काय टेकवायचा नाय," त्याने मला बघूनच सांगितलं.

"माझी टेकत नाही," मी म्हणालो, आणि सायकल फाटकाजवळ स्टँडवर चढवली. खोका सोडण्याआधी आत टेबल बघायला गेलो. टेबलाचा एक पाय लुळा होता. मी आणि ज्युलिएटने त्याच्याखाली करवंटी सरकवली, दाबून बघितलं, परत सरकवली. एवढंच. बाहेर आलो तर माझी सायकल नव्हती.

म्हणजे होती, पण आत होती. क्लब येऊन गेला होता. खांबाला टेकवायची बंदी, शेजारच्या कुंपणाला ओला रंग, केळींच्या खोडाला टेकवल्या तर चीक लागतो. आख्ख्या अंगणात स्वतःच्या पायावर उभी अशी एकच गोष्ट होती. पहिल्याने त्याची सायकल माझ्या सायकलीला टेकवली, दुसऱ्याने पहिल्याच्या, मग दुसऱ्या बाजूनेही, आणि असं करत करत आख्खा क्लब माझ्या स्टँडवर आला. मधोमध, कॅरिअरवर, हँडलांच्या गर्दीत, तीन मजली केक.

शत्रुघ्न येऊन माझ्या शेजारी उभा राहिला.

"ह्या मेल्या का?"

"टेकल्यात."

"पुढची चाकां कुठं हायत?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. एकाही सायकलीला पुढचं चाक नव्हतं. ह्या सायकलींचं चाक एक खटका ओढला की निघतं. आणि क्लबने ठरवलं होतं, की नवराबायको चर्चमधून बाहेर पडताना दोन्ही बाजूंनी चाकं वर धरून कमान करायची.

"मिस्साला गेलीत," मी म्हणालो.

शत्रुघ्नने मान डोलावली. त्याने बरीच लग्नं बघितलीत.

मी एक हँडल जरासं उचललं. पलीकडे कुठेतरी तिसरी सायकल हलली आणि चौथीने कण्हल्यासारखा आवाज केला. प्रत्येकीला धरायला माणूस नसताना एक काढली तर सगळ्या पडणार, आणि पडताना केक घेऊन पडणार. ट्यूब सोडून खोका वर ओढावा तर वरून दोन हँडलं मिठी मारून बसलेली. ऊन फाटकावर आलं होतं, आणि ज्युलिएटचं क्रीम खऱ्या लोण्याचं असतं. उन्हात ते तत्त्वाला चिकटून राहत नाही.

ज्युलिएट बाहेर आली. तिने बघितलं. 

"सोमवार," ती एवढंच म्हणाली.

मी वाडीतून केळीची दोन पानं तोडून आणली. एका बाजूला मी उभा राहिलो, दुसऱ्या बाजूला ती, आणि दोघांनी खोक्यावर पान धरलं. वेदीच्या दोन बाजूंना पंखवाले देवदूत असतात, तसे. फक्त देवदूतांच्या हाताला कळ लागत नाही.

"तुझा स्टँड धरेल ना?" तिने विचारलं.

"आईला धरतो."

"आई एक आहे रे. ह्या किती आहेत बघ."

"ह्या सगळ्या मिळून एक आई होते, ज्युलिएट. कार्बन आहे."

तिला हसू आलं. मग पान हललं म्हणून तिने हसू थांबवलं. आम्ही तसेच उभे राहिलो, आणि मी मागच्या चाकाखालच्या त्या दोन लोखंडी पायांकडे बघत राहिलो. ते मातीत बोटभर रुतले होते. पण सरकले नव्हते. पप्पांनी त्यांच्यावर सिमेंटची गोणी उभी केली होती, माझं बालपण उभं केलं होतं. कॅप्टन ह्यांना वजन म्हणाला होता.

चर्चची घंटा वाजली, मग बँड वाजायला लागला, आणि वऱ्हाड वळणावर दिसलं. पुढे वाजंत्री, मग फ्रेडरिक आणि त्याची बायको जेनिफर, आणि मागून पेडलर्स, प्रत्येकाच्या हातात एकेक चाक, जेवायला आपापली ताटं घेऊन निघाल्यासारखे.

कॅप्टनने मला सायकलींजवळ बघितलं आणि धावत आला. त्यांच्या बुटांना खाली लोखंड असतं, त्यामुळे तो घोड्यासारखा आला.

"हात लावू नकोस! हलवू नकोस! कार्बन आहे!"

"केक आहे," मी म्हणालो.

"कुठे?"

"तुमच्या आत."

त्याने वाकून बघितलं. त्याचा चेहरा बदलला. कारण केकवर क्लबचं नाव होतं.

मग मी सांगितलं तसं झालं, कारण दुसरं कोणी सांगायला तयार नव्हतं. बाहेरून सुरुवात. एकेकाने आपली सायकल उचलायची आणि मागे सरायचं. एकदम नाही. दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, नाहीतर माझी दुसऱ्या बाजूला जाईल. ते एकेक करून सुटले. पण सुटलेली सायकल ठेवणार कुठे? खांबांपाशी शत्रुघ्न बांबू आडवा धरून उभा. खाली झोपवली तर गिअरमध्ये माती. त्यामुळे प्रत्येक जण एका हातात बिनचाकाची सायकल, दुसऱ्या हातात चाक, असा अंगणात ताठ उभा राहिला. पाहुण्यांना वाटलं हाही विधीच आहे. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. बँडवाल्याने जरा विचार केला आणि एक गाणं सुरू केलं.

खोका मी आणि ज्युलिएटने आत नेला. झाकण उघडताना तिने डोळे मिटले होते.

"बघ तू," ती म्हणाली.

मधल्या मजल्याला एका हँडलने गालावर मारल्यासारखा एक खळगा पडला होता. बाकी तिन्ही मजले सरळ. खीर नाही. ज्युलिएट बाहेर गेली आणि शत्रुघ्नसमोर हात पसरून उभी राहिली. त्याने खांबाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि स्वतःच्या हाताने एक सोनचाफा काढून दिला. "एकच," तो म्हणाला. चाफा खळग्यात बसला, जसा काही त्याच्यासाठीच केला होता.

मग तिने डबा उघडून साखरेची सायकल सगळ्यात वर ठेवली. सायकल तिच्या दोन पायांवर ताठ उभी राहिली.

कॅप्टन सायकल एका पाहुण्याला धरायला देऊन, चाक हातात घेऊनच आत आला आणि टेबलासमोर थांबला.

"हे काय आहे?"

"सायकल," ज्युलिएट म्हणाली.

"कॅरिअर?"

"हो."

"मडगार्ड? बास्केट? अगं, क्लबचं नाव आहे त्याच्यावर! लोक काय म्हणतील? फोटो जाणार सगळीकडे. ही आमची सायकल नाहीये."

"तुम्ही खरी सांगितली होती. एकूण एक पार्ट."

"ही काढ," कॅप्टन म्हणाला. आता आवाज हळू होता, निदान सांगतानाचा. "वाईट वाटून घेऊ नकोस. केक चांगलाच असेल. फक्त वरचं बदलू." आणि चाक खाली ठेवून त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्याला कीचेन होती, करंगळीएवढी, चकचकीत, रेसची सायकल. ती सोडवून त्याने केकवर ठेवली.

पडली.

परत ठेवली. दुसऱ्या बाजूला पडली. क्रीममध्ये जरा रुतवली, तेव्हा पुढचं चाक वर करून मागे पडली, बिथरलेल्या घोड्यासारखी. एव्हाना नवराबायको टेबलापाशी आले होते, आणि पाहुणेही, आणि बँडवाला थांबून बघत होता. कॅप्टनच्या कपाळावर घाम आला. चौथ्यांदा त्याने ती उचलली, केकवर इकडेतिकडे जागा शोधली, आणि सवयीने, अगदी न कळत, साखरेच्या सायकलीला टेकवली.

राहिली.

 बाहेर पेडलर्स अजून सायकली धरून उभे होते, ते मांडवाच्या कापडामधून सगळ्यांना दिसत होते.

"काढते मी माझी," ज्युलिएट म्हणाली. तिने हातही पुढे केला. "पण मग तुमची कुठे टेकवू?"

पहिली जेनिफर हसली. चेहऱ्यावरच्या जाळीतून हसली, मग जाळी वर करून नीट हसली. फ्रेडरिक वाकून साखरेची सायकल जवळून बघत होता.

"फडकं पण?" त्याने विचारलं.

"चेन उतरली की हात कशाला पुसणार?" ज्युलिएट म्हणाली.

फ्रेडरिकने मान वळवून कॅप्टनच्या हातांकडे बघितलं. सायकली सोडवताना ते चेनच्या तेलाने काळे झाले होते, आणि कीचेन टेकवल्यापासून तो ते कशाला पुसावेत हे न सुचून लांब धरून उभा होता. मी बाहेर गेलो, सीटखालचं फडकं काढलं आणि त्याला आणून दिलं. त्याने पुसले. थँक्यू म्हणाला. माणूस वाईट नाही.

"दोन्ही राहू दे," जेनिफर म्हणाली. "अशाच. टेकलेल्या." आणि केक कापताना तिने सुरी खालच्या मजल्यात घातली, वरच्याला हात लावू दिला नाही. साखरेची सायकल तिने नंतर काचेच्या बरणीत घालून घरात नेली. कीचेन कॅप्टनला परत मिळाली.

जेवणानंतर ज्युलिएटभोवती बायकांचा घोळका होता. कोणाच्या मुलीचं कम्युनियन, कोणाच्या सासऱ्यांची पंचाहत्तरी. एकीला केकवर मासेमारीची होडी हवी होती. "जाळ्यासकट?" ज्युलिएट विचारत होती. माझ्याकडे बघून तिने फक्त भुवई उडवली. ती भुवई मी ओळखतो. दहावीच्या निकालाच्या दिवशी उडाली होती.

बाहेर कॅप्टन चाकं बसवत होता. कमानीच्या गडबडीत सगळ्यांची चाकं एकमेकांत मिसळली होती आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं बसत नव्हतं. मी सायकल स्टँडवरून उतरवली. मातीत दोन भोकं राहिली.

"जॅक्सन," तो उठून म्हणाला, "पुढच्या रविवारी तळ्याला ये ना. राइडला." त्याने खाली बघितलं. "स्टँड राहू दे हवं तर."

"रविवारी केक आहे," मी म्हणालो.

"मग त्याच्या पुढच्या?"

"बघतो. कम्यूटरचं काही सांगता येत नाही."

ज्युलिएट कॅरिअरवर बसली, रिकामा खोका मांडीवर घेऊन. आम्ही पेडलर्सच्या मधून निघालो तेव्हा मी घंटी वाजवली. गरज नव्हती, ते आधीच बाजूला झाले होते.

सोमवारी ती माझ्याबरोबर तुळिंजला आली, क्लिनिकमध्ये गेली, आणि मी सायकल स्टँडवर चढवेपर्यंत बाहेर आली.

"सांगितलं," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, शुगर कमी घालत जा. मग त्यांच्या बायकोच्या वाढदिवसाची ऑर्डर दिली."

मंगळवारी मी एकटाच निघालो. कॅरिअर रिकामं. सायकल अशी पळाली की वटारच्या वळणावर मला ब्रेक शोधावा लागला. म्हणजे कॅप्टनचं बरोबर होतं, वजन गेलं की स्पीड येतो. मागून कोणी खड्डे सांगायला नव्हतं, त्यामुळे मी ते सगळे चुकवले. पुलाचा चढ मी पहिल्यांदाच सीटवर बसून चढलो. वर पोचून सवयीने ज्युलिएटला बसवायला थांबलो, तिथे कोणी उभं नव्हतं, आणि मला इतकं छान वाटलं की कोणालाही बसवायचं नसताना मी सायकल स्टँडवर लावून थोडा वेळ तिच्याशेजारी उभा राहिलो.